कागदावर नसलेली विहीर

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी माझी बायको कयाकमधून पाण्यात उतरली आणि बुडाली. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. मी मागच्या कयाकमध्ये होतो.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं, की सेल्फीच्या नादात शिक्षिकेचा बुडून मृत्यू. तिचा फोन गाडीत होता. गाडी काठावर बाभळीखाली उभी होती, फोन पर्समध्ये होता आणि पर्स मागच्या सीटवर होती. मी बातमी देणाऱ्या माणसाला हे फोन करून सांगितलं. तो म्हणाला, सर, असं लिहिलं की लोक सावध होतात. मी चिखलीच्या एका कॉलेजात अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल आहे. तो पेपर आमच्याकडे रोज येतो. त्या दिवशीचा अंक मी सुट्टीवरून परतल्यावर फायलीला लावला, कारण अंक फायलीला लावणं हे माझं काम आहे. ‘नादात’ या शब्दावर पेनाची रेघ मारावी असं फार वाटलं. मारली नाही. आता वाटतं, मारायला हवी होती.

जायचं तिनंच ठरवलं होतं. ती अमडापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. संध्याकाळी वह्या तपासून झाल्या की समुद्रातल्या बेटांचे व्हिडिओ बघत बसायची. माणसं लहानशा होड्यांतून दगडी कमानींखालून जातात, गुहेत पाणी हिरवंगार दिसतं, कुणीतरी वल्हं वर धरतं आणि त्यावरून थेंब पडतात. ती मला दाखवायची आणि मी पुस्तकातून मान वर न काढता ‘हं’ म्हणायचो. दर उन्हाळ्यात ती जाऊ म्हणायची आणि मी पुढच्या वर्षी म्हणायचो. मग चिखलीच्या बसस्टँडसमोर मोठा बॅनर लागला. बोटिंग, कयाकिंग, निसर्गरम्य बेटं, प्राचीन गुहा. धरण आमच्याच भागातलं. मेहकरच्या बाजूला जाऊन आत वळायचं, घरापासून तासाभराचा रस्ता. ती घरी येऊन पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, “घ्या. तुम्ही समुद्राकडं गेले नाही, समुद्रच आला तुमच्याकडं.”

त्या धरणात माझं गाव आहे. मी सातवीत असताना ते उठलं. बॅनरवरची बेटं म्हणजे आमच्या टेकड्यांचे माथे. ज्याला त्यांनी सनसेट आयलंड असं नाव दिलं, तिथं आमची गुरं चरायची. प्राचीन गुहा म्हणजे कपारी. पाऊस आला की मेंढरांवाले त्यांत बसायचे आणि नंतर कितीतरी दिवस तिथं लेंड्यांचा वास राहायचा. आता आत निळे दिवे लावले होते.

घरात आम्ही तिघं. ती, मी आणि माझे वडील. मूलबाळ झालं नाही. वडील ऐंशीच्या पुढचे. धरण झाल्यापासून ते त्या पाण्याकडं एकदाही गेले नव्हते. मेहकरला जाताना रस्त्यावरून पाणी दिसायला लागलं, की ते एसटीत दुसऱ्या बाजूला तोंड करून बसायचे. आदल्या संध्याकाळी जेवताना तिनं त्यांना सांगितलं. म्हणाली, “मामाजी, तुम्हीपण चला ना. आपलं वावर कुठं होतं ते दाखवा मले.”

“मले नाही पाह्यचं,” ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, की होडीवाले कुठवर नेतात. ती म्हणाली, कपारीच्या टेकडीपाशी उतरवतात म्हणे, तिथंच नाश्ता देतात.

वडिलांनी भाकरी वरणात कुस्करली. मग म्हणाले, “टोप्या घेऊन जाजा. ऊन लय हाय.”

एवढंच म्हणाले.

सकाळी साडेसातला आम्ही काठावर होतो. मला हे लिहिताना राग येतो, पण ती सकाळ सुंदर होती आणि ती सुंदर नव्हती असं मी लिहिणार नाही. आधी मोटारबोटीतून मधोमध नेलं. तिथं लोखंडी पिंपांवर फळ्या टाकून तरंगता धक्का केला होता. धक्क्याला रंगीत कयाक बांधलेले. आम्हा आठ जणांना वल्हं कसं धरायचं ते शिकवणारा माणूस कोकणातला होता. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, बोलायला मोकळा. समुद्रात पंधरा वर्षं काढली म्हणाला. तिनं त्याला दोनदा प्रश्न विचारले आणि तिसऱ्यांदा वल्हं बरोबर मारलं. मी गोल गोल फिरत होतो. ती मागं वळून बघायची आणि तोंडावर हात धरून हसायची. जन्मभर वाकून वाचणाऱ्या माणसाची पाठ वल्हं मारताना कशी दिसते याची तिनं मला नक्कल करून दाखवली.

दोन टेकड्यांच्या मधून आम्ही गेलो. पाणी उतरल्यामुळे टेकड्यांच्या अंगावर फिकट पट्टा उमटला होता. मध्येच वाळलेल्या झाडांची टोकं पाण्याबाहेर आलेली आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. एका ठिकाणी काळा कातळ पाण्यावर झुकला होता. त्याच्याखालून कयाक जेमतेम जायचा. ती आत गेली, हात वर करून तिनं छताला तळवा लावला आणि तिथंच थांबली. पाण्यावरचा उजेड दगडावर हलत होता, तिच्या तोंडावरही. “अहो, या ना,” ती म्हणाली. मी म्हणालो, माझं डोकं आपटेल. मी गेलो नाही.

मग आम्ही कपारीच्या टेकडीकडं निघालो. काठापासून वीसेक हात अलीकडं कयाक तळाला घासायला लागले. तेव्हा तो कोकणातला माणूस सगळ्यांना म्हणाला, “इथंच उतरा, गुडघाभर पाणी आहे. जॅकेट काढून कयाकमध्येच ठेवा, पुढच्या बॅचला न्यायचीत.” जॅकेटं माणसांपेक्षा कमी होती. सुट्टीचा रविवार होता आणि धक्क्यावर पुढचे लोक खोळंबले होते.

तिनं जॅकेटचे बंद सोडले, नीट घडी करून ठेवलं आणि उतरली. पाणी खरंच गुडघ्याएवढं होतं. ती चार पावलं चालली. माझ्याकडं वळून काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. पाचव्या पावलाला ती नव्हती. ओरडणं नाही, हात वर येणं नाही, काहीच नाही. पाण्यावर तिची टोपी होती.

मला पोहता येत नाही. तो कोकणातला माणूस धावला आणि तोही गळ्यापर्यंत आत गेला, त्यानं सूर मारला, वर आला, पुन्हा मारला. गढूळ पाण्यात त्याला काही दिसेना. पलीकडं एक जण जाळं काढत होता. पन्नाशीचा, आमच्याच भागातला मासे धरणारा. तो डोंगा घेऊन आला, त्यानं हातातला बांबू पाण्यात सोडला आणि बांबू सगळाच्या सगळा आत गेला. कमरेला दोर बांधून तो उतरला. तिसऱ्या खेपेला त्यानं तिला वर आणलं. तोवर फार वेळ झाला होता.

धापा टाकत तो म्हणाला, “इहीर हाय ना इथं. तुमाले कोनं सांगतलं नाही काय?”

कोकणातला माणूस वाळूवर बसून रडत होता. “समुद्रात असं काही नसतं हो,” तो मला म्हणत होता. “समुद्रात विहिरी नसतात.” त्याच्यावर मी रागावू शकलो नाही. त्याला ते माहीत असायचं काही कारणच नव्हतं. मी वर बघितलं. दोन कपारी शेजारी शेजारी आणि त्यांच्यामध्ये उभा दगड. इतका वेळ पाण्यामुळे मला काही ओळखू आलं नव्हतं. आता आलं. या टेकडीच्या पायथ्याचं वावर आमचं होतं. ही विहीर आमची होती. गावातली पोरं हिच्यातच पोहायला शिकली. मी काठावर बसून गोष्टीचं पुस्तक वाचायचो.

पंचनाम्यात लिहिलं गेलं, की पाण्याखालील खड्ड्यात पाय जाऊन. मी हवालदाराला म्हणालो, खड्डा नाही, विहीर लिहा. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “सर, काय फरक पडते? माणूस तर गेलंच ना.”

फरक असा आहे, की खड्डा कुणाचाच नसतो. तो पडतो. विहीर माणसांनी खणलेली असते. तिला मालक असतो, गट नंबर असतो. आणि मुख्य म्हणजे, बुडालेल्या गावात एक विहीर उघडी असेल तर इतरही असणार. खड्डा म्हटलं की माझ्या बायकोबरोबर तो विषय संपतो. मी हे त्याला सांगायचा प्रयत्न केला. माझा आवाज मुळात बारीक आहे. त्यानं कागद पुढं केला आणि मी सही केली. दुसऱ्यांना दोष देण्याआधी ही सही माझ्या नावावर लिहून ठेवतो.

त्यानंतर भेटायला येणारे लोक. मी त्यांना माफ केलेलं नाही. बायका आत जाऊन रडायच्या ते मला समजायचं. पुरुष बैठकीत बसून विचारायचे, पोहता येत नव्हतं तर गेल्या कायले. एक जण म्हणाला, या वयात कयाक. ती सत्तेचाळीस वर्षांची होती. दुसरा म्हणाला, आजकाल बायकांना व्हिडिओचं वेड लय. मी त्यांना चहा दिला. वडील कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले असायचे आणि मान हलवायचे. त्यांनी एकदाही त्या लोकांना सांगितलं नाही, की ती गुडघाभर पाण्यातून चालत होती.

तेरवीच्या दिवशी बोटींचा मालक आला. पांढरा शर्ट, हातात हार. तिच्या फोटोला हार घातला, माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, की मॅडमच्या स्मरणार्थ त्या बेटाला मॅडमचं नाव द्यायची त्याची इच्छा आहे. कमान करू, पाटी करू, उद्घाटन तुमच्याच हातानं. दहा दिवसांनी येणाऱ्या सोमवारपासून बोटी पुन्हा सुरू होणार होत्या, सुट्टीचे तीन आठवडे अजून उरले होते. खड्ड्याभोवती दोरी लावलीय, तो म्हणाला.

मी म्हणालो, तो खड्डा नाही, आणि तिथं आणखी विहिरी आहेत. पाणी आणखी उतरेल तशा एकेक उथळावर येतील.

“कागद दाखवा सर,” तो अगदी अदबीनं म्हणाला. “एक कागद दाखवा, मी सोमवारी बोट सोडणार नाही.”

कागद ही माझी जागा आहे असं मला वाटत होतं. पुढच्या गुरुवारी मी मेहकरच्या एका कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनानं मला बसायला खुर्ची दिली, जुनं रजिस्टर शोधायला अर्धा दिवस घातला. आमच्या गावाची पानं निघाली. गाव उठवताना बुडणाऱ्या विहिरी बुजवायच्या असा हुकूम होता. एका रकान्यात विहिरी आणि पुढच्या रकान्यात शेरा. बुजविली. बुजविली. बुजविली. खालपर्यंत एकाच अक्षरात, एकाच शाईनं. प्रत्येकीपुढं मालकाची सही नाहीतर अंगठा. वडिलांची सही मला लांबूनही ओळखता येते. शेवटच्या अक्षराला ते शेपूट काढतात.

“पाहा,” कारकून म्हणाला. “इथं विहीर नाही.”

“मग ती कशात पडली?”

“खड्ड्यात,” तो म्हणाला. त्यानं ते चिडून म्हटलं नाही, समजावून म्हटलं. मी रजिस्टर मिटलं. इतक्या जोरात की समोरच्या टेबलावरच्या बाईनं वर बघितलं. आयुष्यात मी पहिल्यांदाच एखादं पुस्तक आपटलं.

संध्याकाळी वडील ओट्यावर बसले होते. मी चपला न काढताच विचारलं, “इहीर बुजोली नव्हती?”

त्यांनी ओट्याच्या दगडावरून हात फिरवला. मग म्हणाले, “कोनंच नाही बुजोली.”

“सही हाय तुमची.”

“हाव. हाय.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “सरकारी मानूस आला होता. तुह्या मायनं त्याले च्या देल्ला. त्यानं ओट्यावर बसूनच समदं लेहलं. सही करा म्हने. समद्यायनं केली, मी केली. जित्या झऱ्यावर माती कोन टाकन? झरा चालू होता तिचा. आमी ओटी भरली, हात जोडले आन निंगालो.”

ओटी मला आठवत होती. आईनं हिरवं खणाचं कापड, नारळ, हळदकुंकू विहिरीत सोडलं होतं आणि ती माहेरवाशिणीला निरोप देताना रडतात तशी रडली होती. ताट मी धरलं होतं. सगळ्या गावानं तेच केलं. कुणालाही ते खोटं वाटलं नाही. वर इतकं पाणी येणार, मग खाली विहीर उघडी राहिली काय आणि बुजवली काय. ओटी भरून झाल्यावर मात्र वडिलांनी कठड्याचे घडीव दगड काढून बैलगाडीत भरले आणि नव्या घरी आणले. ते आता ज्यावर बसले होते तो ओटा त्याच दगडांचा आहे. तिच्यावर माती टाकायला त्यांचा हात धजला नाही. तिचा कठडा न्यायला धजला. कठडा असता तर माझ्या बायकोचा पाय आधी दगडाला लागला असता.

“ते जाऊ द्या,” मी म्हणालो. “त्या संध्याकाळी जेवताना तिनं तुम्हाले सांगतलं होतं. कपारीच्या टेकडीपाशी उतरवतात म्हणून. काऊन सांगतलं नाही तिले?”

“मले वाटलं गाळानं भरली असन. इतकी वरसं झाली.”

मी उभाच होतो. त्यांना कळलं की मी आत जाणार नाही.

“खरं सांगू काय तुले,” ते खाली बघत म्हणाले. “सांगतलं असतं तं तिनं इचारलं असतं. मामाजी, बुजोली काऊन नाही. मंग सही काऊन केली. मास्तरीनबाई होती ते. तिच्यापुढं मले खोटं पडाचं नव्हतं.”

टोप्या घेऊन जाजा. हे वाक्य त्यांनी का म्हटलं ते मला तेव्हा कळलं. सांगायचं होतं ते गिळलं आणि त्याच्या जागी हे तोंडातून आलं. मी त्यांना म्हणालो, की उद्या माझ्याबरोबर चला. सगळ्या विहिरी दाखवा आणि साहेबापुढं सांगा, की बुजवल्या नव्हत्या, सही खोटी आहे. ते म्हणाले, नाही. मी म्हणालो, सोमवारी तिथं लोक उतरतील. ते म्हणाले, गावातल्या समद्यायची नावं त्या कागदावर हायत, मी एकट्यानं सांगून समद्यायले खोटं पाडू काय. मी त्यांना जे बोललो ते इथं लिहीत नाही. बापाशी कुणी तसं बोलू नये आणि मी ते परत घेणार नाही.

दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. स्वयंपाक मी करायचो, ते अर्धं ताट ठेवून उठायचे. रविवारी पहाटे मी उठलो तर ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून दारात उभे होते. म्हणाले, “चाल.”

तिला वर काढणाऱ्या त्याच मासेवाल्याच्या डोंग्यात आम्ही बसलो. वडिलांनी प्रथम डोळ्यांवर हात धरून चारी बाजूंना बघितलं. मला वाटलं, त्यांना काही ओळखू येणार नाही. मग ते मासेवाल्याला म्हणाले, “ते उजवीकडची कपार आन तो माथ्यावरचा दगड, एका रेघंत घे. आता मागं ते चिचोळी टेकडी दिसते काय? तिच्या नाकासमोर आन डोंगा. बस. टाक बांबू.” बांबू टाकला, तो खाली गेला आणि गेलाच. हातभर बाजूला टाकला तर तळाला टेकला.

असं ते सांगत गेले. कुठली टेकडी कुणामागं झाकली की कुणाचं वावर, कुठून कुठवर चाललं की बांध. विहीर सापडली की ती कुणाची ते सांगायचे. ही चुलत्याची, सहा परस, म्हणजे सहा पुरुष खोल. ही एका विधवा बाईची, तिनं नवरा गेल्यावर एकटीनं खणून घेतलेली. ही दोन भावांची, भांडणात अर्धी अर्धी. मासेवाला प्रत्येक ठिकाणी दगड बांधून दोर सोडायचा आणि वर रिकामी प्लास्टिकची बाटली बांधायचा. पाचव्या विहिरीवर तो म्हणाला, “बाबा, इतक्या सालापासून इथंच अडकून जाळी फाटून राह्यली माही. आज मालक भेटला. भरून द्या आता.” वडील हसले नाहीत, पण त्याच्याकडं बघून म्हणाले, “तुह्या बापानं माह्या इहिरीतले कासव चोरले, ते आन आधी.”

एकूण अकरा झाल्या. अकरावी आमची. तिच्याभोवती पिवळी दोरी होती. वडिलांनी तिथं बांबू टाकू दिला नाही. त्यांनी वाकून पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला. मी दुसरीकडं बघत होतो. त्यांची कीव करावी असं मला वाटलं नाही. आजही वाटत नाही.

काठावर तलाठी आणि एक अधिकारी आले होते, निघताना मी त्यांना फोन करून बोलावलं होतं. वडील उभे राहून बोलले. बुजोली नाही. कोनंच नाही. सही माही हाय आन ते खोटी हाय. अधिकाऱ्यानं तीनदा विचारलं, खात्री आहे ना बाबा, वय झालंय तुमचं. तिसऱ्यांदा वडील म्हणाले, “बांबू धरा साहेब, आन तुमी सोता टाकून पाहा.” सोमवारी बोटी सुटल्या नाहीत. आठवडाभरानं विहिरींच्या खुणेसाठी अकरा निळी पिंपं पाण्यात टाकली गेली आणि पंचनाम्याला पुरवणी जोडली गेली. तीत खड्डा या शब्दाच्या जागी विहीर हा शब्द आहे. त्याची प्रत माझ्याकडं आहे.

पण मला वाटलं होतं त्यासाठी तो शब्द कुणालाच नको होता. विहीर झाली, म्हणजे मालक झाला. बोटींच्या मालकानं लेखी दिलं, की अपघात मूळ जमीनमालकानं विहीर न बुजवल्यामुळे झाला आणि आपल्यापासून ही गोष्ट लपवली गेली. जॅकेटांबद्दल त्यात एक ओळ नाही. खोटी सही केल्याबद्दल वडिलांना नोटीस आली. बातमी पुन्हा छापली गेली. सासऱ्याच्या विहिरीत सुनेचा अंत. तोही अंक मी फायलीला लावला. जुन्या गावची माणसं, जी तेरवीला पंगतीत बसली होती, त्यांनी आमच्या घरी येणं बंद केलं. चिखलीच्या बाजारात अर्ध्या अर्ध्या विहिरीच्या त्या दोन भावांपैकी थोरल्याचा मुलगा मला भेटला. म्हणाला, “तुह्या बायकोपायी आमच्या बापायच्या सह्या खोट्या करून ठेवल्या तू.” मी त्याला म्हणालो, त्या खोट्याच होत्या. त्यानं मला ढकललं आणि माझ्या पिशवीतली वांगी रस्त्यावर पडली. ती मी एकेक करून उचलली. इतका राग अंगात असताना माणूस वांगी उचलतो, याचाही मला राग येतो.

तारखा बुलढाण्याला असतात. मी वडिलांना एसटीनं घेऊन जातो. ते खिडकीशी बसतात. बाकावर आमच्यामध्ये त्यांची कागदांची पिशवी असते. सुनावणीत अजूनपर्यंत त्यांना कुणी काही विचारलेलं नाही, पुढची तारीख देतात. परतताना मी त्यांना एकदा विचारलं, की मी तुम्हाला यात ओढलं याचा राग येतो का. ते म्हणाले, “येते.” मी म्हणालो, मलाही तुमचा येतो. ते म्हणाले, “मले मालूम हाय.” मग चिखली आली. माझ्या बायकोबद्दल आमच्यात त्यानंतर याहून जास्त बोलणं झालेलं नाही.

या मे महिन्यात बोटी पुन्हा चालू झाल्या आहेत. बॅनर नवा आहे. पावसाळ्यातल्या वाऱ्यानं काही पिंपांचे दोर सुटले, ती काठाला लागली आणि कुणीतरी घरी पाणी भरायला नेली. मी त्याबद्दल तीन अर्ज दिले आहेत. परवा मासेवाल्याबरोबर जाऊन मोजून आलो. पाण्यात आता नऊ पिंपं आहेत आणि अकरा विहिरी.